अंधारातला तपशील

३ नोव्हेंबर

प्रिय टिकले,

तुझ्या फोनवर माझा नंबर अजून बंद आहे, म्हणून ईमेलवर लिहितोय. इथेही मला बंद केलं असशील तर हे पत्र कुठे जाऊन पडेल कोण जाणे. तुझी वहिनी म्हणाली, "पाठवा तर खरं. वाचायचं की नाही ते तिचं ती बघेल."

वहिनीकडून सगळं कळलं. त्या संस्थेच्या दोन वर्षांच्या शिष्यवृत्तीसाठी तुझा फोटो शेवटच्या फेरीत आहे, हे ऐकून फार बरं वाटलं. हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं, कारण 'बरं वाटलं' हे पूर्ण खरं नाही. आधी चमकलो, मग थोडं टोचलं, मग बरं वाटलं. पण वाटलं.

आणि फोटो तो. बाबांचा स्टुडिओतला कामाचा शेवटचा दिवस, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसलेले बाबा, खिडकीचा एवढासा उजेड आणि मागे डार्करूमचं उघडं दार. मला त्या दारात नुसता काळोख दिसला होता. "एवढा सुंदर अंधार काढलायस, वर बाबाही आलेत," असं मी तुला सगळ्यांसमोर म्हणालो होतो. तू वहिनीला पाठवलेली प्रत मी आज पाहिली. त्या काळोखातून तू आईला बाहेर काढलंयस. ती दारात उभी आहे, हात जरा वर केलेला. तो हात कुणासाठी उठलाय तेच परीक्षकांना कळत नाहीये, आणि आई त्या फोटोत मागाहून चिकटवली नाही कशावरून, असं ते विचारतायत. म्हणून त्यांना मूळ रॉ फाइल हवी, कॅमेऱ्यातून निघाली तशी कच्ची, बारा तारखेपर्यंत. बरोबर समजलोय ना?

तुझी ड्राइव्ह इथेच आहे, कपाटात वरच्या खणात, तू ठेवलीस तिथेच. काल जोडून पाहिली. लवकर उघडत नाहीये. जुनी झालीय, घरघरते. मी बघतो. घाबरू नकोस.

माझं मत तुला ठाऊक आहे. एका लग्नात हजार फोटो काढणाऱ्या माणसाला रॉ परवडत नाही. कॅमेऱ्याने जागच्या जागी शिजवून, आटवून, डबा भरून दिलेली जेपीईजी बरी. तू म्हणायचीस, "दादा, शिजवताना काय काय फेकलं ते तुला कॅमेरा विचारतो का?" मी म्हणायचो, "गिऱ्हाईक तरी कुठे विचारतं?" आज कुणीतरी विचारलंय. एवढं मी मान्य करतो.

बाबा बरे आहेत. डोळ्यांना फारसं दिसत नाही, पण ते कबूल करत नाहीत.

तुझा
दादा


८ नोव्हेंबर

प्रिय टिकले,

मिळाली. आधी हे सांगून टाकतो, म्हणजे तुला खाली शोधत जायला नको. लिंक वहिनीच्या मेलवरून वेगळी पाठवलीय. फाइल आपल्या जुन्या कॅमेऱ्याचीच आहे. आत कॅमेऱ्याचा नंबर, तारीख, वेळ, सगळं आहे, तेवढं त्यांना पुरेल. मी सगळं दोन-दोनदा तपासून घेतलंय.

ड्राइव्हने फार छळलं. त्यामुळे स्टुडिओ तीन दिवस बंदच होता. बाबा रोज काठी टेकत दारापर्यंत यायचे आणि बाहेरून चौकशी करायचे.

"दुपारचे पडदे लावून काय धुतोयस रे? फिल्म मिळायला लागली का परत?"

"कॉम्प्युटरचं काम आहे, बाबा. स्क्रीनवर उजेड पडतो."

"मग ट्रायपॉड कशाला उघडलायस? पायात आला माझ्या."

"पुसायला काढलाय."

"आणि ती म्हातारी?" म्हातारी म्हणजे जुना कॅमेरा.

"तीही."

"बरंय. पुसून ठेव. माणसांनाही अधूनमधून पुसावं तसं."

त्यांना मी सांगितलं, टिकलीचा फोटो मोठ्या ठिकाणी निवडला जातोय, त्यांना मूळ फाइल हवीय. लगेच म्हणाले, "मागणारच. प्रिंट काय, हवी तेवढी निघते. निगेटिव्ह एकच." पुढे अर्धा तास निगेटिव्ह कशी जपावी यावर भाषण झालं. पातळ कागदाची पाकिटं, दमट हवा, कडेने धरायचं, बोट लावायचं नाही. आपण लहान असताना जेवताना ऐकायचो तेच. मी मान डोलावत होतो. ते बघू शकत नाहीत याचं मला बरं वाटलं, आणि हे लिहिताना वाईट वाटतंय.

टिकले, त्या लग्नात मी जे बोललो, ज्यावरून आपलं भांडण झालं, ते बोलायला नको होतं. तुझं कार्ड ऐन वेळी भरलं, रॉ फाइली जड म्हणून भरलं, हे खरं. पण नवरीमुलीच्या माणसांसमोर "ही शिकाऊ आहे, सांभाळून घ्या" असं म्हणायची काही गरज नव्हती. तू माझ्यापेक्षा चांगली फोटोग्राफर आहेस. हे मी वहिनीला पुष्कळदा सांगितलंय. तुला सांगायला एवढा उशीर का केला, याचं उत्तर मला चांगलं सुचत नाही.

फाइल मिळाली की दोन शब्द कळव. आणि शक्य असेल तर ती तशीच पुढे पाठव, फार खेळत बसू नकोस. असल्या फाइली नाजूक असतात.

दादा


११ नोव्हेंबर

टिकले,

तुझं पत्र आलं. पत्र म्हणजे चार ओळी, पण माझ्या नावाने होत्या. वहिनीला दोनदा वाचून दाखवल्या. ती म्हणाली, "एवढं काय त्यात? 'मिळाली, थँक्स' तर लिहिलंय." त्यात 'दादा' असंही लिहिलं होतं, ते तिने ऐकलं नाही.

तू विचारलंयस, फोटो मूळचा इतका मऊ, धूसर होता का. थोडा होता. जुनी लेन्स, कमी उजेड, हातात धरलेला कॅमेरा. तू नंतर धार दिली असशील, ती दिलेली प्रत डोळ्यांत बसली म्हणून आता मूळ मऊ वाटतोय. सगळ्यांचं होतं असं.

दुसरं तू विचारलंस, डावीकडे इतका काळा भाग होता का, तिथे स्विचबोर्डापाशी दादा तू उभा होतास ना, असं तुला आठवतं. मी पुष्कळ विचार केला. त्या वेळी मी बाहेर गेलो असेन. कुणाचे तरी पासपोर्ट फोटो द्यायचे होते बहुतेक. इतक्या वर्षांनी आपल्याला माणसं भलत्याच ठिकाणी उभी दिसतात.

तू प्रवासात आहेस, मोठ्या पडद्यावर बघायला वेळ नाही, उद्या मुदत संपतेय, म्हणून तशीच पुढे पाठवतेस, असं लिहिलंयस. ठीक.

खरं तर मी अजून एक परिच्छेद लिहिला होता. तो काढून टाकला. प्रवासात माणसाला डोक्याला ताप नको. जपून जा, आणि पोचलीस की कळव.

दादा


१९ नोव्हेंबर

टिकले,

हे पत्र पूर्ण वाच. मध्ये राग आला तरी शेवटपर्यंत वाच, कारण तुला उपयोगाची गोष्ट शेवटी आहे.

काल रात्री आम्ही जेवत असताना वहिनी तुझ्याशी फोनवर बोलत होती. तुझा आवाज ऐकू येत नव्हता, तिचा येत होता. "काय म्हणतायत ते? बनावट? कशी बनावट असेल, अगं, यांनी स्वतः काढून दिलीय." मग तू त्यांना काय लिहून कळवलंस ते तिने मला कौतुकाने सांगितलं. फाइल माझ्या भावाने मूळ ड्राइव्हवरून काढलीय, तो कामात चोख आहे, गफलत असेल तर तुमच्याकडे असेल. 

फाइल बनावट आहे. मी बनवली.

तुझी रॉ फाइल ड्राइव्हवर नव्हती. ड्राइव्ह बिघडलीही नव्हती, एका फटक्यात उघडली होती. तू गेल्यावर काही आठवड्यांनी मी त्यातल्या सगळ्या रॉ फाइलींच्या जेपीईजी करून घेतल्या आणि रॉ उडवल्या. हंगाम तोंडावर होता, जागा हवी होती. सगळं एका बटणावर झालं, एकही उघडून पाहिली नाही. मग त्याच ड्राइव्हवर लग्नं भरली. परवा ती घेऊन फाइली परत आणून देणाऱ्या एका दुकानातही जाऊन आलो. त्याने बघितलं आणि म्हणाला, त्या जागेवर दुसरं लिहिलं गेलंय, आता काही नाही.

तुझी मागणी आली तेव्हा माझ्यापुढे दोन रस्ते होते. खरं सांगायचं, किंवा फाइल तयार करायची. मी तीन दिवस पडदे लावून दुसरं केलं. मी करून घेतलेल्या जेपीईजीत आईच्या जागी नुसतं काळं होतं, म्हणून तू वहिनीला पाठवलेली छोटी प्रत मोठ्या स्क्रीनवर लावली. ती तू चौकोनी कापलेली होती आणि कॅमेऱ्याची चौकट आडवी असते, म्हणून उजवीकडे भिंत ओढून लांब केली आणि डावीकडे सरळ काळा रंग भरला. समोर ट्रायपॉडवर म्हातारी उभी केली. तिच्या घड्याळात बाबांच्या त्या शेवटच्या दिवसाची तारीख घातली. तेवढं करताना मात्र हात थांबला होता. बाकी कशाला थांबला नाही. मग स्क्रीनचा फोटो काढला, रॉमध्ये. आयुष्यात मी आपणहून काढलेली ही पहिलीच रॉ.

आणि पकडलो गेलो तेही माझ्याच अकलेने. आम्ही जेपीईजीवाले. आमच्याकडे काळं म्हणजे काळं. एकदा मिटलं की त्यात बघण्यासारखं काही उरत नाही, असं डोक्यात पक्कं बसलेलं. रॉ हातात आली की जाणता माणूस सगळ्यात आधी अंधार उजळून बघतो, हे मला सुचलंच नाही. तू हेच तर करायचीस, आणि आईही तशीच सापडली होती. त्यांनी डावीकडचा माझा काळा रंग उजळला आणि आत स्क्रीनची बारीक जाळी निघाली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. वहिनी म्हणाली, त्यांनी तुला त्याचा नमुनाही पाठवलाय. मला तो बघायची गरज नाही.

वहिनीला मी ताटावरच सांगितलं. तिने पोळी खाली ठेवली.

"म्हणजे तुम्ही तिला खोटी पाडलीत."

"मी मदत करत होतो."

"कुणाला?"

मी ताट पुढे सरकवलं. मग म्हणाली, "मी फोन करून सांगणार नाही हं. तुमच्या वतीने मी बोलणार नाही. तुमचं तुम्ही सांगा, आणि आजच सांगा." मी म्हटलं, तिच्या फोनवर मी बंद आहे. "मग लिहा. लिहायला तर येतंच तुम्हाला, डायऱ्या भरतायत."

आता उपयोगाचं. चोवीस तारखेला त्यांची समिती बसतेय आणि तुला कायमचं बाद करायचं का ते ठरवणार आहे, असं वहिनीकडून कळलं. सोबत एक निवेदन जोडलंय. माझ्या सहीचं, स्टुडिओच्या कागदावर. फाइल मी बनवली, कशी बनवली, तुला यातलं काहीही माहीत नव्हतं. मी फाइल करतानाचे सगळे टप्पे त्यात दिलेत, स्क्रीनवर लावलेलं चित्रही दिलंय, म्हणजे त्यांना पडताळून पाहता येईल. मी ते त्यांना परस्पर पाठवणारच होतो. पण गेल्या खेपेस तुझ्या नावाने जे केलं ते तुला न विचारताच केलं होतं, म्हणून आधी तुझ्याकडे पाठवतोय. यात तुला काही बदलायचं असेल तर बदल. उद्या संध्याकाळपर्यंत तू नको म्हणाली नाहीस, तर मी पाठवेन.

माफी वगैरे शब्द मुद्दाम लिहीत नाहीये. ते लिहिले की मला बरं वाटेल.

दादा


२१ नोव्हेंबर

टिकले,

काल तुझा वहिनीच्या फोनवर फोन आला आणि तू म्हणालीस, "दादाला दे." एवढ्या काळानंतर तुझा आवाज कानाशी आला, आणि मी काय म्हटलं? "हॅलो, कोण?" म्हटलं. मूर्खासारखं. तू म्हणालीस, "इन्कम टॅक्सवाले. कोण असणार?"

मला हसू आलं होतं. तुला येत नव्हतं, हे पुढच्या वाक्यात कळलं.

"बाकीच्या?" तू विचारलंस.

"कसल्या बाकीच्या?"

"दादा. माझ्या बाकीच्या फाइली. सगळ्या वर्षांच्या."

"त्याही."

मागे कुठेतरी नळ चालू होता, तो तू बंद केलास. मग म्हणालीस, "न बघता उडवल्यास ना? बटण दाबलंस आणि गेल्या. मुद्दाम नाही." मी म्हटलं, "हो. न बघता." तू म्हणालीस, "मग ठीक आहे. म्हणजे ठीक नाही, पण मग मला कळतं तरी. तू गधडा आहेस, दुष्ट नाहीस. निवेदन पाठव." आणि फोन ठेवलास.

निवेदन पाठवलं. पण तू मला जो होकार दिलास तो खोट्यावर दिलास, म्हणून हे पत्र.

न बघता हे खरं नाही. बाकीच्या न बघता गेल्या. ही एक मी उघडली होती.

तू गेल्यावर हा फोटो नेटवर टाकलास. तेव्हा पहिल्यांदा मला त्या दारात आई दिसली. आई गेल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी ड्राइव्ह काढली, तुझी रॉ उघडली, तू करायचीस तशी अंधार उजळायची पट्टी हळूहळू सरकवली. टिकले, तू म्हणायचीस ते सगळं खरं होतं. माझ्या जेपीईजीत जिथे डांबर ओतल्यासारखं होतं तिथून आधी दाराची चौकट आली, मग पातेली, ट्रे, दोरीवरचे चिमटे, मग आईची ओली बोटं. कपाळ आलं. डोळे आले. आणि ती तुझ्याकडे बघत नव्हती, बाबांकडेही नव्हती. डावीकडे बघत होती. डावीकडे पूर्ण चौकटीत, स्विचबोर्डाशी, मी होतो. बटणावर हात होता माझा. "लाइट लाव, काही दिसत नाहीये" म्हणत मीच उठलो होतो, आणि आई हाताने मला थांबवत होती. थांब, तिला काढू दे.

तो हात माझ्यासाठी उठला होता. मी बाहेर गेलेलो नव्हतो. तुझी आठवण बरोबर होती आणि अकरा तारखेला मी ती खोटी पाडली.

तेव्हा मला काय वाटलं ते सांगतो. नीट शब्द सापडत नाहीत, पण तुला आडूनआडून सांगायचा हक्क मी घालवलाय. मला वाटलं, भांडण झाल्यावर हिने मला कापून टाकलं. आई माझ्याकडे बघत होती आणि हिने नेमका मीच काढला, आईची नजर हवेत लटकत ठेवली. इतकं लागलं. मी फाइल बंद केली आणि फोल्डरांतल्या सगळ्या रॉ निवडल्या. 'कायमचं काढायचं का?' असं कॉम्प्युटर विचारतो. त्याने विचारलं होतं. मी हो म्हटलं. जागेचं कारण मला नंतर सुचलं, जागा खरंच हवी होती म्हणून ते खपलंही. मला स्वतःलाही.

आणि या महिन्यात, ती बनावट करताना, तू वहिनीला पाठवलेल्या प्रतीची माहिती उघडली. तारीख आणि वेळ तिथूनच उचलायची होती ना. त्यात ती प्रत कधी तयार केली तेही होतं. बाबांच्या शेवटच्या दिवसाचीच संध्याकाळ. भांडणाच्या कितीतरी आधी. आई असताना. तू मला रागाने कापलंच नव्हतंस. चौकोनात चित्र बरं बसतं म्हणून कापलंस, कुणीही कापलं असतं. हे कळल्यावर तरी मी थांबायला हवं होतं. मी त्यानंतर डावीकडे काळा रंग भरला.

तुला पाठवल्यानंतर निवेदनात मी हेही वाढवलंय की मूळ फाइल मी स्वतः पाहिली होती, त्यात आई होती, हात असाच होता, आणि तो कुणासाठी होता. तुझ्याखेरीज ती पूर्ण चौकट पाहिलेला मी एकटाच. अशा माणसाच्या शब्दाला किती वजन, हे मला कळतं.

तू परत फोन केला नाहीस तरी ते मला समजेल. गधडा म्हणालीस ते मात्र कमी होतं.

दादा


३० नोव्हेंबर

टिकले,

समितीने काय ठरवलं ते तू वहिनीला कळवलंस आणि त्यांची प्रत मलाही आली. तुझ्यावर ठपका नाही, तुला पुढे कधीही अर्ज करता येईल. फोटो मात्र बाद. मूळ फाइल नाही, आणि बनावट फाइल करणाऱ्याची साक्ष धरता येत नाही. शिष्यवृत्ती दुसऱ्या कुणाला गेली. बरोबरच लिहिलंय त्यांनी. मी पत्रात चूक शोधत होतो, सवयीने. सापडली नाही.

बाबांना सांगितलं. वहिनी म्हणत होती, या वयात कशाला. पण ते रोज विचारत होते, "टिकलीचं काय झालं? लागला का निकाल?" आणि रोज "अजून नाही" म्हणणं मला जमेना. सगळं सांगितलं, डावीकडच्या काळ्या रंगासकट. ते ऐकत होते. मध्ये एकदाच म्हणाले, "बोट लावू नये म्हणून सांगितलं होतं." त्या दिवशी जेवले नाहीत. मला वाटलं, आता ओरडतील. मी त्याची वाटही बघत होतो. ओरडले नाहीत. वहिनीला म्हणाले, "याला वाढ. हा पण जेवलेला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत येऊन बसले, त्याच स्टुलावर.

"प्रिंट निघेल का त्याची?"

"मोठी नाही निघणार, बाबा. आई दिसते अशी माझ्याकडे छोटी प्रतच उरलीय."

"केवढी?"

मी त्यांच्या तळव्यावर बोटाने चौकट काढून दाखवली.

"पुष्कळ झाली," म्हणाले. "तुझी आई डार्करूमच्या बाहेर कधी यायचीच नाही फोटोला. काढ."

मी काढलेली नाही. प्रत उघडलीही नाही. ती तुझी आहे. बाबांना मी सांगितलंय की आधी तिला विचारतो. ते म्हणाले, "विचार. नाही म्हणाली तर?" मी म्हटलं, "नाही म्हणाली तर नाही." "मग मला काय सांगशील?" "हेच, की ती नाही म्हणाली, आणि का ते." मग म्हणाले, "बरंय."

तू वहिनीजवळ निरोप दिलास, जे काही उरलंय ते सगळं पाठवायला सांग. ड्राइव्ह आज कुरियरने निघतेय. तुझ्या सगळ्या जेपीईजी आहेत, तुझ्याच नावांनी, तुझ्याच फोल्डरांत. माझी लग्नं मी काढून घेतलीत. तुझ्या एकाही फोटोला मी उजळलेलं नाही, सरळ केलेलं नाही, जिथे क्षितिज कललंय तिथे कललेलंच आहे. पाहिले मात्र सगळे, चार दिवस लागले. इतके दिवस मी तुझ्या कामाला कधीच दिले नव्हते. पुष्कळ फोटोंत काळे भाग आहेत. पूर्वी मी ते भराभर पुढे ढकलले असते. आता प्रत्येकापाशी थांबलो आणि इथे काय असेल असं विचारत बसलो. तुला आठवत असेल. मला विचारायचा हक्क नाही.

प्रिंटबद्दल हो की नाही, तेवढं वहिनीला कळवलंस तरी चालेल. बाबा रोज स्टुडिओत येऊन बसतात. मी लाइट लावत नाही.

दादा